एचआर शिकवणाऱ्यांचा एचआर कोण बघतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाने दीड महिन्यात प्राध्यापकांना दोन धक्के दिले. ६ जानेवारी २०२५ला नेमणुका आणि बढत्यांच्या नव्या नियमावलीचा मसुदा आला. त्यातल्या कुलगुरू निवडीच्या कलमावरून राज्यं विरुद्ध केंद्र असा सामना रंगला. हरकती नोंदवायची मुदतही ५ फेब्रुवारीवरून २८ फेब्रुवारीपर्यंत लांबली. मग फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आयोगाने ‘केअर’ ही मान्य संशोधनपत्रिकांची यादीच बंद करून टाकली. वाहिन्यांवर चर्चा झाली ती कुलगुरूंची. स्टाफरूममधला विषय वेगळा होता. ‘केअर’मधल्या पत्रिकेत एक पेपर छापून यावा म्हणून ज्यांनी महिनोन्‌महिने वाट पाहिली, त्यांच्या फाइलीचं आता काय करायचं?

फाइल प्रत्येक प्राध्यापकाकडे असते. एमबीए शिकवणाऱ्याची जरा जास्त जाड असते, कारण त्याचे पाय कायमचे दोन दगडांवर. पदवी विद्यापीठाची, म्हणून हाच आयोग, यूजीसी. अभ्यासक्रम व्यवस्थापनाचा, म्हणून एआयसीटीई ही तंत्रशिक्षण परिषद. शिवाय संस्थांना ग्रेड देणाऱ्या नॅकची समिती येणार, म्हणून त्यांचे तक्ते. नॅकच्या सहाव्या निकषात तर स्पष्ट विचारलेलं असतं की, किती टक्के शिक्षकांनी एफडीपी, म्हणजे शिक्षक विकास कार्यक्रम, पूर्ण केले आणि परिषदांना जायला किती जणांना संस्थेने पैसे दिले. मोजायला सोपं तेच विचारलं जातं. जो शिकून आला त्याचं वर्गात काही बदललं का, हा प्रश्न तक्त्यात बसत नाही, म्हणून तो फाइलीतही येत नाही. ही फाइल लग्नातल्या आहेराच्या वहीसारखी असते: काय आलं याची नोंद चोख, ते पुढे वापरलं का, हे कुणी विचारत नाही.

हे सगळं पाहायला कोल्हापूर चांगलं गाव आहे. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ आलं. १९७६ साली डॉ. ए. डी. शिंदे यांनी छत्रपती शाहू इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस एज्युकेशन अँड रिसर्च (‘सायबर’) काढली, आणि ती गावात इतकी रुळली की रिक्षावाल्याला ‘सायबर चौक’ एवढंच सांगितलं की पुरतं. नंतर केआयटी, भारती विद्यापीठ, अलीकडे अतिग्र्याचं संजय घोडावत विद्यापीठ अशी व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांची रांग लागली. सांगली, सातारा, वारणानगर धरलं तर दक्षिण महाराष्ट्रात एमबीएचे, नाहीतर बीबीएचे वर्ग ठिकठिकाणी आहेत. एवढ्या सगळ्या वर्गांत एक विषय समान आहे: मनुष्यबळ विकास. माणसाला वाढायला संस्थेत कसं वातावरण लागतं, हे तिथे रोज फळ्यावर लिहिलं जातं. लिहिणाऱ्याला ते वातावरण मिळतं का, हा या लेखाचा प्रश्न.

हे वातावरण मोजायचं माप कुणी बनवलं, ती कथा सांगण्यासारखी आहे. १९७४ साली मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने अहमदाबादच्या आयआयएममधल्या दोन प्राध्यापकांना बोलावलं, उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना. काम तसं किरकोळ होतं: कंपनीची वार्षिक मूल्यमापनाची पद्धत तपासून द्या. दोघांनी ती तपासली आणि सांगितलं की, नुसता फॉर्म बदलून भागणार नाही. मूल्यमापन, वरिष्ठाचं मार्गदर्शन, प्रशिक्षण, बढती हे सगळं एकमेकांत ओवलेलं हवं आणि ते बघायला स्वतंत्र विभाग हवा. कंपनीने तो काढला. आज प्रत्येक कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर एचआर नावाची जी खोली असते, तिचं भारतातलं मूळ घराणं हे.

पुढे ऐंशीच्या दशकात राव जमशेदपूरच्या एक्सएलआरआयमध्ये गेले. तिथल्या मनुष्यबळ विकास केंद्रात त्यांनी ई. अब्राहम यांच्यासोबत ३८ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक विधानापुढे पाच पर्याय, ‘मुळीच खरं नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी खरं’पर्यंत. ४१ भारतीय संस्थांमध्ये ती फिरवली आणि १९८६ साली निष्कर्ष छापले. एकूण वातावरण मध्यम निघालं. पण निष्कर्षापेक्षा प्रश्नावलीच गाजली. तिचे तीन भाग होते. वरिष्ठांना माणसं घडवण्यात खरा रस आहे का, हा पहिला. प्रशिक्षण, मूल्यमापन, बक्षीस या यंत्रणा खरंच चालतात का, हा दुसरा. तिसरा भाग ‘ऑक्टापॅक’ या आद्याक्षरी नावाने प्रत्येक एमबीएवाल्याने परीक्षेत लिहिलेला असतो: मोकळेपणा, अडचणीला थेट भिडणं, विश्वास, स्वायत्तता, पुढाकार, सच्चेपणा, सहकार्य.

राव यांच्या प्रश्नावलीचं मोठेपण तिच्या साधेपणात आहे. ती ‘तुमच्याकडे प्रशिक्षण होतं का’ असं विचारत नाही. प्रशिक्षणाला पाठवताना त्या माणसाची गरज बघितली जाते का, असं विचारते. परत आल्यावर शिकलेलं करून बघायची संधी मिळते का, असं विचारते. चूक दाखवायची वेळ आली तर ती धाक न दाखवता सांगितली जाते का, हेही विचारते. चाळीस वर्षं होत आली, आकडेमोडीची नवी तंत्रं आली, पण या तीन प्रश्नांना पर्याय निघालेला नाही.

कोल्हापूरच्या पंचक्रोशीत ही प्रश्नावली भरपूर हिंडली आहे. एचआर घेतलेला विद्यार्थी समर प्रोजेक्टला साखर कारखान्यात, सूतगिरणीत किंवा शिरोलीच्या फौंड्रीत निघाला की त्याच्या बॅगेत बहुधा हीच ३८ विधानं असतात, कधी मराठी करून, कधी चार-दोन गाळून. ऊस तोलणाऱ्या काट्यावरच्या लिपिकानेसुद्धा ‘ऑक्टापॅक’ला गुण दिलेले आहेत. प्रोजेक्टवर सही करणाऱ्या गाइडपुढे मात्र तो कागद क्वचितच येतो. शिक्षणसंस्थांवरही असे अभ्यास झालेत, पण ते बहुधा प्रबंध होऊन ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात विसावतात. संस्थेच्या गव्हर्निंग कौन्सिलच्या टेबलावर ते चर्चेला येतात असं दिसत नाही.

ते आले तर काय दिसेल? गरज बघून पाठवलं जातं का, इथूनच गाडी अडेल.

हल्लीची एफडीपी कशी चालते ते बघू. पाच ते सात दिवस, ऑनलाइन. सकाळी मीटची लिंक, चॅटमध्ये ‘गुड मॉर्निंग सर’ची माळ. पहिला अर्धा तास दीपप्रज्वलनाचा फोटो, पाहुण्यांची ओळख आणि आभार. मग सत्तर स्लाइड्सचं व्याख्यान. अकराला मायक्रोफोन बंद ठेवून एमबीए भाग दोनचं लेक्चर घेऊन येता येतं, कारण हजेरी लागते ती शेवटच्या पाच मिनिटांत टाकलेल्या फॉर्मवर. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म भरायचा, सगळीकडे ‘एक्सलंट’वर टिचकी मारायची, की पीडीएफ ईमेलवर येतं. २०२०च्या टाळेबंदीत या प्रकाराला जो ऊत आला, तो अजून ओसरलेला नाही. एआयसीटीईच्या ‘अटल’ अकादमीचे काही कार्यक्रम खरोखर चांगले होते, हे नोंदवायला हवं. पण विषय निवडताना शिक्षकाला काय येत नाही हे कुणी विचारत नाही. सुट्टी कधी आहे आणि बढतीला कितीचा तुटवडा आहे, यावर निवड ठरते. मार्केटिंग शिकवणारी बाई ‘ब्लॉकचेन’ची एफडीपी करते ती अशी.

अमेरिकेत डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का, संस्थेला फळ मिळालं का. एमबीएच्या दुसऱ्या सत्रात हे चौकटीत काढून शिकवतात. शिकवणाऱ्यांच्या स्वतःच्या प्रशिक्षणात मात्र पहिल्या पायरीवरच प्रमाणपत्र हातात पडतं.

जुनी पद्धत काही सोन्याची नव्हती. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर ठिकठिकाणी अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. चार आठवड्यांचा ओरिएंटेशन, तीन आठवड्यांचा रिफ्रेशर. कंटाळवाणी व्याख्यानं तेव्हाही होती. पण कोल्हापूरचा माणूस पुण्याला किंवा गोव्याला वसतिगृहात राहायचा, रात्री जेवणानंतर विदर्भातल्या, कोकणातल्या शिक्षकाशी बोलायचा, त्याचा पेपर पॅटर्न ऐकायचा, कधी नोट्स मागून आणायचा. वेळापत्रकात नसलेलं हे शिक्षण पडद्यावर आलं नाही. २०१५च्या सुमारास या केंद्रांवर मनुष्यबळ विकास केंद्र अशी पाटी लागली, ५ सप्टेंबर २०२३ला मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र अशी. देशभरात १११ केंद्रं जाहीर झाली. पाटी तिसरी, खरी चर्चा ती बदलल्याने काय बदललं याची व्हायला हवी होती.

दुसरा प्रश्न, म्हणजे परत आल्यावर संधी. इथे पैशाचा विषय टाळता येत नाही. बहुतेक बिझनेस स्कूल विनाअनुदानित. फी ठरवतं शुल्क नियामक प्राधिकरण. विद्यार्थ्यांच्या फीचा मोठा हिस्सा सरकारकडून प्रतिपूर्ती म्हणून यायचा असतो, आणि तो वेळेवर आला नाही की पगार लांबतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठीच्या या सवलतीला नाव आहे राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचं. आपल्याच गावच्या राजाच्या नावाची शिष्यवृत्ती जमा होण्याची वाट पाहत बसलेला प्राध्यापक, हे कोल्हापुरात मुद्दाम रंगवून सांगावं लागत नाही. त्यात २०२४-२५पासून बीबीए, बीसीए एआयसीटीईच्या छत्राखाली गेले, राज्यात त्यांना सीईटी लागली. पहिल्याच वर्षी जागा लाखावर आणि परीक्षेला मुलं त्याच्या निम्म्याने, म्हणून परीक्षा दुसऱ्यांदा घ्यावी लागली. रिकाम्या बाकांचं ओझं शेवटी शिक्षकांच्याच डोक्यावर येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये एमबीए, बीबीएचे शिक्षक ज्युनिअर कॉलेजांच्या दारात माहितीपत्रकं घेऊन उभे दिसतात, ते यामुळे. कुणाला ‘अॅडमिशनचं टार्गेट’ असतं, कुणाला प्लेसमेंटचं. अशा संस्थेत एखादी तरुण सहायक प्राध्यापिका केस पद्धतीने शिकवायचं प्रशिक्षण घेऊन आली, तरी तिला हवा असलेला सलग दोन तासांचा वर्ग वेळापत्रकात मिळत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास, त्यातली आठ मिनिटं हजेरीत. शिकलेलं तिथेच विरून जातं.

चूक धाकाशिवाय सांगितली जाते का, या तिसऱ्या प्रश्नावर तर कागदोपत्री उत्तर तयार आहे. एआयसीटीईने २०१९च्या वेतन नियमांसोबत शिक्षकांसाठी ३६० अंशांचं मूल्यमापन आणलं. शंभर गुण: शिकवण्याला २५, विद्यार्थ्यांच्या मताला २५, विभागातल्या कामाला २०, उरलेले संस्थेचं काम, गोपनीय अहवाल आणि समाजासाठी केलेलं काम यांत वाटलेले. कल्पना वाईट नाही. पण ज्याची नोकरी दर वर्षी नव्याने मंजूर होते, त्याला विद्यार्थ्यांच्या मताचे २५ गुण सुधारणेची संधी वाटत नाहीत, टांगती तलवार वाटतात. मग तो कडक पेपर काढत नाही, अवघड केस देत नाही. राव ज्याला विश्वास म्हणतात तो नसेल, तर ३६० अंशांतून फक्त पाळत तेवढी उरते. हे मत प्रस्तुत लेखकाचं आहे. संस्थाचालकांना ते पटणार नाही याची कल्पना आहे.

संशोधनाची कथा याहून वाईट, आणि तिच्यात पुण्याच्या माणसांचा मोठा वाटा, चांगल्या अर्थाने. २०१०च्या नियमांत ‘एपीआय’ नावाचे गुण आले. पेपर छापा, गुण मिळवा. मागणी आली तशी दुकानं उघडली, आठ दिवसांत पेपर छापून देणारी. २०१८ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये हिशेब मांडला: विद्यापीठांनी शिफारस केलेल्या पत्रिकांचा नमुना तपासला, तर ८८ टक्के सुमार निघाल्या. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांवर पत्रिका यादीतून काढल्या आणि ‘केअर’ची घोषणा केली, तिचं कामकाजही पुण्यातूनच. आता तीही गेली. पत्रिका कशी पारखावी याचे निकष सुचवून आयोगाने निर्णय संस्थांवर सोडलाय. ज्या संस्थांनी काल हौसेने सुमार पत्रिकांची शिफारस केली, त्यांच्याच हाती आज पारख आली, हा विनोद त्या ८८ टक्क्यांच्या अभ्यासकांना कसा वाटत असेल? मूल्यमापनाच्या बाजारावर विश्वास ठेवायचे दिवसही नाहीत. फेब्रुवारी २०२५मध्येच आंध्रातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या ग्रेडसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या समितीतल्या लोकांना अटक केली.

या सगळ्यात कोल्हापूरचं एक बलस्थान आहे आणि ते कुणाच्या फाइलीत नाही.

शहरातल्या कुठल्याही बिझनेस स्कूलमधून अर्ध्या तासात शिवाजी उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावची एमआयडीसी गाठता येते. इथे फौंड्रीचा मालक रोज सकाळी जे प्रश्न सोडवतो, ते एमबीएच्या चारही सत्रांत पसरलेले असतात. वाळूतला ओलावा बिघडला की कास्टिंग नाकारलं जातं, आणि नाकारलेलं कास्टिंग पुन्हा भट्टीत घालताना वीजबिल दुसऱ्यांदा भरावं लागतं. हा गुणवत्ता आणि खर्चाचा धडा. वाहन कंपनी बिल थकवते. हा खेळत्या भांडवलाचा. आयकर कायद्यातलं ४३ बी (एच) हे कलम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं: सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी खर्च वजा मिळत नाही. इचलकरंजीच्या कापडबाजारात त्यावर केवढी खळबळ झाली! फायनान्सच्या प्राध्यापकाला याहून ताजी केस बोस्टनहून मागवायची गरज नाही. १९६३ साली स्थापन झालेला ‘गोकुळ’ संघ घ्या. गावोगावच्या संस्थांत दोन वेळ संकलन, म्हशीच्या दुधाला सहा फॅट आणि नऊ एसएनएफ धरून दर, दर दहा दिवसांनी बिल. पुरवठा साखळीचा सगळा धडा त्यात आहे. वर्गातल्या कितीतरी पोरांच्या घरचं दूध तिथे जातं, आणि त्यांना उदाहरण मिळतं अमेरिकेतल्या विमान कंपनीचं.

नियमही आडवा येत नाही. एआयसीटीईच्या बढतीच्या अटींमध्ये एफडीपीच्या जोडीला उद्योगातलं प्रशिक्षण आहे. ते होतं कसं, तर ओळखीच्या कारखानदाराकडून लेटरहेडवर पत्र. कधी एका दिवसाची भेट, गेटवरचा ग्रुप फोटो, चहा-बिस्किटं. दोन आठवडे शॉप फ्लोअरवर बसून रिजेक्शनचा हिशेब मांडणारा, त्याची केस लिहिणारा आणि ती पुढच्या सत्रात शिकवणारा प्राध्यापक विरळा. बिझनेस स्कूलांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या एएसीएसबीने २०१३च्या निकषांत शिक्षकांचे चार गट केले, त्यांपैकी एक खास व्यवसायाशी नातं टिकवणाऱ्या प्राध्यापकांचा. म्हणजे कंपनीत जाऊन सल्ला देणं हे तिथे पात्रता टिकवणं मानतात. आपल्याकडे ती ‘ओडी’ (ऑन ड्यूटी) मागायची वेळ असते, आणि ओडीच्या अर्जावर पहिला प्रश्न तुमचा तास कोण घेणार हा. उलट दिशेने मात्र दार उघडलंय: २०२२पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून उद्योगातला माणूस वर्गात येऊ शकतो. वर्गातल्या माणसाने उद्योगात जायची वाट तेवढी अरुंद.

इथून साठ-सत्तर किलोमीटरवर किर्लोस्करवाडी आहे. ती १९१० साली वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते. हक्काची बढती डावलून दुसऱ्याला दिली, म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात सायकली विकल्या. शिक्षकाच्या वाढीकडे संस्थेने दुर्लक्ष केल्याचा महाराष्ट्राला झालेला एवढा फायदा पुन्हा होणे नाही, तेव्हा त्या भरवशावर कुणी राहू नये.

आयोगाच्या जानेवारी २०२५च्या मसुद्यात नऊ ‘उल्लेखनीय योगदानं’ दिली होती, त्यांतली किमान चार दाखवायची. नवे अध्यापन प्रयोग, कन्सल्टन्सी, विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिप आणि प्रकल्पांचं मार्गदर्शन, भारतीय भाषांतून अध्यापन, डिजिटल अभ्यासक्रम, स्टार्टअप, समाजाशी जोडलेलं काम वगैरे. वाचताना कोल्हापूरच्या एमबीए शिक्षकाला हायसं वाटायला हरकत नाही. मराठीतून ‘गोकुळ’ची केस लिहिली, तर ती एकाच वेळी दोन-तीन रकान्यांत बसेल. गुणांची बेरीज जाऊन निवड समितीचा विवेक येणार, हेही कागदावर छान. पण समितीच्या विवेकाचा अनुभव असलेले शिक्षक आकड्यांनाच बरं म्हणतील. आकडा निदान माहितीच्या अधिकारात मागता येतो. शिवाय नऊ योगदानांतलं एकही वेळ दिल्याशिवाय होणार नाही, आणि वेळ कोण देणार याबद्दल मसुदा अवाक्षर काढत नाही. २०२५ साली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एमबीएची सीईटी होती. तिच्यानंतर जूनपर्यंत प्रवेशाची धावपळ, म्हणजे प्रत्यक्षात एमआयडीसीत जाऊन बसायचे जे दोन महिने, ते आधीच गेलेले.

या मसुद्यावर हरकती पाठवायला २८ फेब्रुवारी २०२५पर्यंत वेळ होता. बहुतेक संघटनांचं लक्ष कुलगुरू, कंत्राटी नेमणुका आणि वेतनश्रेणीवर होतं, आणि ते साहजिकही होतं. पण ३८ विधानांच्या त्या कागदाला दिल्लीची परवानगी लागत नाही. छपाईचा खर्च शंभर शिक्षकांमागे झेरॉक्सच्या दुकानात हजार रुपयांच्या आत बसेल. अडचण फक्त दोन ठिकाणी येईल. कागदावर नाव लिहायचं नाही, हे संस्थेला मान्य करावं लागेल. आणि भरलेले कागद प्राचार्यांच्या केबिनमध्ये नव्हे, तर शेजारच्या संस्थेतल्या एखाद्या एचआरच्या प्राध्यापकाकडे मोजायला द्यावे लागतील.